कण्याची शस्त्रक्रिया आणि संगणकाने दाखविलेले रूप

(बेलवली, बदलापूर येथे शिक्षक, आरोग्यसेविका आणि परिसरातील पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून तो बेलवलीपासून फार दूरचा आहे, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रिया, ती होण्याआधीच संगणकाच्या पडद्यावर दिसणारे शस्त्रक्रियेनंतरचे शरीर, हे सारे मोठ्या शहरांतील रुग्णालयांचे आणि परदेशांतील प्रयोगशाळांचे काम, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या प्रश्नातून हे शास्त्र जन्माला आले, तो प्रश्न कोणत्याही गावातील तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात उभा राहू शकतो. तिचा कणा वाकतो आहे असे डॉक्टर सांगतात, शस्त्रक्रियेचा सल्ला देतात, आणि आईवडील खर्चाचा, जिवाचा, पुढे लग्नाचा विचार करू लागतात. ती मुलगी मात्र मनातल्या मनात एकच गोष्ट विचारीत असते : नंतर मी कशी दिसेन?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. त्याला संगणक कितपत उत्तर देऊ शकतो, त्या उत्तरावर किती विसंबावे आणि शस्त्रक्रियेची वेळच येऊ नये म्हणून आपण येथे काय करू शकतो, या तीन गोष्टी आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

कण्याची वक्रता म्हणजे काय?

निरोगी माणसाचा कणा बाजूने पाहिल्यास मानेशी, छातीशी आणि कमरेशी त्याला सौम्य बाक दिसतात. ते नैसर्गिक आहेत व आवश्यकही आहेत. मागून पाहिल्यास मात्र तो सरळ दिसावयास हवा. काही मुलांमध्ये वाढीच्या वयात तो डाव्या किंवा उजव्या बाजूस झुकू लागतो. वैद्यकीय परिभाषेत यास ‘स्कोलिओसिस’ म्हणतात. आपण त्यास कण्याची पार्श्ववक्रता म्हणू.

ही केवळ बाजूला झुकण्याची क्रिया नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. झुकताना मणके स्वतःभोवती पिळले जातात. छातीच्या बारा मणक्यांना बरगड्यांच्या बारा जोड्या जोडलेल्या असल्याने मणका पिळला की बरगड्याही त्याच्याबरोबर फिरतात. एका बाजूच्या बरगड्या मागे येऊन पाठीवर उंचवटा दिसू लागतो, खांद्याचे एक पाते वर येते, कमरेची एक बाजू खोलगट तर दुसरी सपाट होते. लोक ज्याला कुबड म्हणतात तो पुष्कळदा या फिरलेल्या बरगड्यांचा उंचवटा असतो.

येथून जवळच अंबरनाथला इसवी सन १०६० मधील शिवमंदिर आहे. अशा प्राचीन मंदिरांवरील मूर्तींमध्ये शरीराला तीन ठिकाणी बाक दिलेली त्रिभंग मुद्रा आपण पाहतो. त्या मुद्रेत उभी राहिलेली व्यक्ती हवे तेव्हा सरळ होऊ शकते. पोक काढून बसणारे मूलही सांगितल्यावर ताठ बसते. पार्श्ववक्रता असलेल्या मुलीला तसे होता येत नाही, कारण तिच्या मणक्यांनाच पीळ पडलेला असतो. म्हणून ‘नीट उभी राहा’ असे तिला वारंवार बजावणे निरुपयोगी तर आहेच, शिवाय अन्यायाचेही आहे.

पार्श्ववक्रतेच्या सुमारे ८० टक्के रुग्णांत तिचे निश्चित कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे, एवढे ज्ञात आहे. दप्तराचे ओझे, बाकावर वाकडे बसणे, गरोदरपणी आईने पाहिलेले ग्रहण, यांपैकी कशानेही ही वक्रता उत्पन्न होत नाही. उरलेल्या रुग्णांत जन्मतःच मणक्यांची घडण सदोष असते, किंवा स्नायू व मज्जातंतूंचा विकार असतो. याशिवाय आपल्या देशात एक गोष्ट विसरता कामा नये. पाठीवर पुढे आलेला टोकदार उंचवटा, त्यासोबत वेदना, ताप, वजन घटणे अशी लक्षणे असतील, तर तो मणक्यांचा क्षयरोग असू शकतो. तो औषधांनी बरा होणारा रोग आहे आणि त्याची तपासणी तातडीने झाली पाहिजे.

वक्रतेचे मोजमाप क्ष-किरण चित्रावर अंशांत करतात. ही पद्धत अमेरिकन शल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली व आजही ती जगभर रूढ आहे. दहा अंश किंवा त्याहून अधिक वक्रता असली तरच तिला पार्श्ववक्रता म्हणतात. या व्याख्येप्रमाणे किशोरवयीन मुलांपैकी शेकडा दोन ते तिघांत ती आढळते. यांतील बहुतेकांना केवळ अधूनमधून तपासणी पुरते. अल्प वक्रता मुलगे व मुली यांच्यात जवळजवळ सारखीच आढळते. परंतु वाढत जाऊन ३० अंशांपुढे जाणाऱ्या वक्रतेत मुलींचे प्रमाण मुलग्यांच्या कित्येक पट असते. वाढीचे वय शिल्लक असताना वक्रता साधारण २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर धडाभोवती घट्ट बसणारा पट्टा, म्हणजे ब्रेस, वापरण्यास सांगतात. ती ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो, कारण ५० अंशांपुढील वक्रता वाढ पूर्ण झाल्यानंतरही दरवर्षी सुमारे एक अंश या गतीने वाढत राहू शकते.

शस्त्रक्रियेची वाटचाल

भागवताच्या दशम स्कंधात कुब्जेची कथा आहे. तीन ठिकाणी वाकलेल्या त्या स्त्रीला श्रीकृष्णाने हनुवटीला दोन बोटे लावून क्षणात सरळ केले. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या या कथेमुळे असेल, ‘सरळ करणे’ ही एका क्षणाची आणि संपूर्ण होणारी गोष्ट आहे अशी कल्पना आपल्या मनात असते. प्रत्यक्षातील शस्त्रक्रिया अनेक तासांची असते आणि ती कणा सुधारते. पूर्ण सरळ करीलच असे नाही.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांवर उपचार करताना पोलादी दांडीची पद्धत विकसित केली व १९६२ मध्ये ती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. कण्याच्या दोन टोकांना आकडे अडकवून मधल्या दांडीने तो ताणावयाचा, अशी ती रीत होती. झुकाव तिने कमी होई, पण पीळ फारसा सुटत नसे. मेक्सिकोतील एदुआर्दो लुके यांनी १९७० च्या दशकात प्रत्येक मणका तारेने दांडीला बांधण्याची पद्धत आणली. १९८० च्या दशकात फ्रान्समधील कोट्रेल व द्युबुसे यांच्या पद्धतीने दोन दांड्या व अनेक आकडे वापरून पीळ सोडविण्याचाही प्रयत्न सुरू झाला. आज मणक्यांत स्क्रू बसवून ते दांड्यांना जोडतात आणि त्या भागातील मणके एकमेकांशी सांधले जातील अशी व्यवस्था करतात. या पद्धतीने वक्रतेच्या कोनात साधारण ६० ते ७० टक्के सुधारणा होऊ शकते. मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका अनुभवी हातांत शंभरात एक किंवा त्याहून कमी असतो. सांधलेला भाग मात्र पुढे वाकत नाही. ही या शस्त्रक्रियेची कायमची किंमत आहे.

डॉक्टरांचा कोन आणि मुलीचा आरसा

शल्यविशारद क्ष-किरण चित्र पाहतात व कोन मोजतात. मुलगी आरशात पाहते. तिला खांद्यांची उंची, कमरेचा आकार आणि कुडत्याखालून जाणवणारा उंचवटा दिसतो. या दोन मोजमापांत नेहमीच मेळ बसत नाही. कोनात चांगली सुधारणा होऊनही बरगड्यांचा उंचवटा त्या मानाने कमी उतरतो, हे सर्वज्ञात आहे. काही रुग्णांत छातीचा बाक सुधारल्यावर खांदा नव्याने वरखाली दिसू लागतो. डॉक्टर यश मिळाल्याचे सांगतात, घरातील माणसे आनंदतात, आणि मुलगी मात्र गप्प असते, असे घडू शकते. तिला काय अपेक्षित होते, हे आधी कोणी विचारलेलेच नसते.

दिसण्याचा प्रश्न दुय्यम समजणाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचा अभ्यास ध्यानात घ्यावा. उपचार न झालेल्या ११७ रुग्णांचा सुमारे पन्नास वर्षे मागोवा घेऊन त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले. किशोरवयात उद्भवलेली, कारण अज्ञात असलेली वक्रता असूनही या व्यक्तींनी संसार केले, नोकऱ्या केल्या, कर्तेपणाने आयुष्य घालविले. त्यांची मुख्य गाऱ्हाणी दोनच होती : पाठदुखी आणि दिसणे. याचा अर्थ असा की, ही वक्रता असलेल्या मुलीचे आयुष्य संपले असे मानण्यास आधार नाही. त्याचप्रमाणे, दिसण्याविषयीचा तिचा प्रश्न हा नखरा नसून या विकाराच्या ओझ्याचाच एक भाग आहे.

संगणक रूप कसे घडवितो?

कण्याची शस्त्रक्रिया गणिताने मांडण्याचा प्रयत्न जुना आहे. अल्बर्ट शुल्ट्झ व कार्ल हिर्श यांनी १९७३ मध्येच हॅरिंग्टन दांडीने कण्यावर पडणाऱ्या बलांचे गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले होते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठात इयान स्टोक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम पुढे नेले. बाहेरून दिसणाऱ्या शरीराचा विचार ठळकपणे झाला तो कॅनडातील माँट्रियल येथे. तेथील पॉलिटेक्निक अभियांत्रिकी संस्था आणि सेंट-जस्टिन बालरुग्णालय यांनी मिळून हा विषय हाती घेतला. कार्ल-एरिक ऑबँ यांच्या गटाने दांड्या व स्क्रू यांचे संगणकीय प्रतिरूप तयार केले; फरीदा शेरिए यांच्या गटाने, शस्त्रक्रियेनंतर धड बाहेरून कसे दिसेल याचे प्रतिरूप घडविण्याची पद्धत २०१२ च्या सुमारास मांडली.

तिचे टप्पे साध्या शब्दांत असे सांगता येतील. प्रथम वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून त्या मुलीच्या कण्याची, बरगड्यांची व कटीच्या हाडांची त्रिमिती आकृती तयार करतात. नंतर तिच्या धडाभोवती कॅमेरे ठेवून, अंगावर प्रकाशाच्या पट्ट्या पाडून, त्वचेचा आकार टिपतात. या दोन आकृती एकमेकींशी जुळवितात. हाड आणि त्वचा यांच्यामधील मांस व मेद यांच्या जागी असंख्य बिंदू व त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा आहेत असे मानतात. मग शल्यविशारदाच्या योजनेप्रमाणे संगणकातील मणके सरळ करतात. मणके हलले की बरगड्या हलतात, बरगड्या हलल्या की त्या स्प्रिंगा ताणल्या वा दबल्या जातात आणि शेवटी त्वचेचा आकार बदलतो. हा बदललेला आकार म्हणजेच पडद्यावर दिसणारे नवे रूप.

यातील अडचण समजण्यासाठी बाजेवर अंथरलेल्या गोधडीचे उदाहरण घ्यावे. बाजेची एक दोरी वर आली तर पातळ गोधडीवर ती लगेच दिसते. जाड गादीवर दिसत नाही. तद्वतच कण्यातील समान सुधारणा सडपातळ मुलीच्या पाठीवर एका प्रकारे, तर स्थूल मुलीच्या पाठीवर दुसऱ्या प्रकारे दिसते. म्हणून सर्वांना एकच सरासरी चित्र दाखवून भागत नाही. प्रत्येक मुलीचे मोजमाप स्वतंत्रपणे घ्यावे लागते.

अंगावर प्रकाश टाकून आकार मोजण्याची कल्पना जपानमधील ताकासाकी यांनी १९७० मध्ये मांडलेल्या ‘म्वारे’ पद्धतीने पुढे आली व तेथील शालेय तपासणीत तिचा उपयोग झाला. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे १९८० च्या दशकात तशाच हेतूने यंत्रणा तयार करण्यात आली. या प्रयत्नांमागे एक गंभीर कारणही होते. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात पार्श्ववक्रतेसाठी वारंवार क्ष-किरण तपासणी झालेल्या ५,५७३ स्त्रियांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी अधिक आढळले. आजच्या यंत्रांतून मिळणारी क्ष-किरणांची मात्रा त्या काळापेक्षा पुष्कळच कमी आहे, आणि आवश्यक ते चित्र काढण्यास घाबरू नये. परंतु जेथे प्रकाशाने काम भागते तेथे क्ष-किरण टाळणे शहाणपणाचे होय.

अंदाज आणि आश्वासन

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. संगणकाने दाखविलेले रूप हा अंदाज आहे. ते आश्वासन नव्हे.

उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. पाऊस किती पडेल, पाणी किती चढेल, याचा अंदाज शास्त्रज्ञ गणितानेच करतात. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ती घटना आपणांस आठवत असेल. अंदाज उपयोगाचा असतो, कारण तो आपणांस तयारी करण्यास वेळ देतो. पण पाणी अमुक पायरीपर्यंतच येईल असे लिहून दिले आहे, असे समजून कोणी काठावर झोपत नाही.

संगणकीय रूपाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. गणितात धरलेले स्नायू हे जिवंत स्नायू नव्हेत. शस्त्रक्रियेनंतर मुलगी काही महिन्यांत नव्याने तोल सावरते, तिचे वजन बदलते, वय वाढते. हे सारे चित्रात उतरत नाही. बरगड्यांचा उंचवटा किती उतरेल हे सांगणे विशेष कठीण असते. आणि आतापर्यंत ज्या रुग्णांत संगणकाचे चित्र व शस्त्रक्रियेनंतर घेतलेले खरे मोजमाप शेजारी ठेवून पाहण्यात आले, त्यांची संख्या थोडी आहे. म्हणून हे तंत्र अद्याप मुख्यतः संशोधनाच्या कक्षेतच आहे.

असे असूनही त्याचे मोल मोठे आहे. हे चित्र समोर ठेवले की डॉक्टर, आईवडील व मुलगी प्रथमच एकाच गोष्टीविषयी बोलू लागतात. मुलगी बोट ठेवून विचारू शकते की, हा उंचवटा राहणार का? डॉक्टर सांगू शकतात की, थोडा राहील. अशी माहिती आधी मिळाल्यावर दिलेली संमती खरी असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे अज्ञान मुलांच्या शस्त्रक्रियेसाठी पालकांची लेखी संमती लागते. पण आयुष्यभर तो कणा वागविणार ती मुलगी असते. म्हणून तिला विचारले जाणे हे सहीइतकेच महत्त्वाचे आहे.

आज भ्रमणध्वनीवर छायाचित्र सुधारून देणारी साधने सर्वत्र झाली आहेत. त्यांनी सरळ करून दाखविलेली पाठ आणि मघाशी वर्णिलेले संगणकीय प्रतिरूप यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात बलांचा, हाडांचा, मोजमापांचा कसलाच हिशेब नसतो. ती केवळ रंगरंगोटी असते. म्हणून असे कोणतेही चित्र कोणी दाखविले, तर पालकांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. हे चित्र माझ्या मुलीच्या मोजमापांवरून काढले आहे की सरासरीवरून? यात केवळ कणा धरला आहे की बरगड्या, खांदे व त्वचाही? अशी चित्रे पूर्वी किती रुग्णांच्या प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहिली, व फरक किती आढळला? आणि हे रूप शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्याचे की दोन वर्षांनंतरचे? याला जोडून पाचवी गोष्टही मागावी : शस्त्रक्रिया न केल्यास काय दिसेल, तेही दाखवा.

आणखी एक दक्षता घ्यावी. या तपासणीत मुलीच्या उघड्या धडाची चित्रे घेतली जातात. ती कोठे ठेवली जातील, कोण पाहील, शिकविण्यासाठी वापरली जातील काय, हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व मान्य करण्यात आले आहे.

महाराष्ट्रातील साधने

या शास्त्राला लागणारी बुद्धी व साधने आपल्या राज्यात आहेत. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ऑर्थोकॅड प्रयोगशाळेत प्राध्यापक बी. रवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांच्या शस्त्रक्रियेचे नियोजन व कृत्रिम सांध्यांची रचना यांसाठी संगणकीय प्रतिरूपांवर काम केले. त्याच संस्थेत २०१४ मध्ये ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने सुरू झाले. डॉक्टर व अभियंते यांनी एकत्र बसून रुग्णाच्या अडचणीवर उपाय शोधावा, हे त्याचे सूत्र आहे. पार्श्ववक्रतेचा प्रश्न अशा सहकार्यास अत्यंत योग्य आहे, असे मला सुचवावेसे वाटते. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था कार्यरत आहे. पट्टे व कृत्रिम अवयव तयार करण्याचे काम तेथे चालते. बदलापूरहून दादरला गाडी बदलून तेथे जाता येते.

बेलवलीत काय करता येईल?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी शेवटी सांगत आहे. वक्रता वाढीच्या वयात, वेळेवर ध्यानात आली, तर पुष्कळ मुलींना शस्त्रक्रियेची, आणि म्हणून या साऱ्या संगणकीय चित्रांची, गरजच पडणार नाही. पट्टा उपयोगी पडतो की नाही, याविषयी दीर्घकाळ शंका होती. अमेरिका व कॅनडामध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने ती बव्हंशी दूर केली. पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांची वक्रता वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिली. केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. जितके अधिक तास पट्टा वापरला, तितके यश अधिक मिळाले. त्या अभ्यासात दिवसाचे किमान १८ तास पट्टा वापरण्यास सांगितले होते.

वक्रता ओळखण्याची साधी परीक्षा इंग्रज शल्यविशारद विल्यम ॲडम्स यांनी १८६५ मध्ये वर्णन केली. तिला उपकरण लागत नाही. मुलीने पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळहात एकमेकांना लावून पुढे वाकावे. तपासणाऱ्या बाईंनी मागे बसून पाठ नजरेच्या पातळीवर पाहावी. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर पुढील तपासणीसाठी पाठवावे. एरवीही काही खुणा सहज दिसतात : एक खांदा खाली असणे, गणवेशाची कड एका बाजूस लोंबणे, कमरेच्या दोन बाजू असमान असणे. गावातील शिंप्याला माप घेताना असा फरक कळतो. त्याचे बोलणे पालकांनी हसण्यावारी नेऊ नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून, म्हणजे त्या वेळच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातून झाला. त्यानुसार शाळकरी मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हावयाची असते आणि पथकात स्त्री-वैद्यकीय अधिकारीही असतात. कार्यक्रमाच्या मूळ यादीत ३० स्थिती आहेत. जन्मजात मज्जारज्जुदोष, वाकडे पाऊल, मुडदूस यांचा त्यात समावेश आहे. किशोरवयातील पार्श्ववक्रतेचे नाव मात्र स्वतंत्रपणे आढळत नाही. तथापि पथक शाळेत आलेलेच असते. पाचवी ते नववीच्या मुलामुलींना एकदा पुढे वाकण्यास सांगण्यास प्रत्येकी अर्धे मिनिटही लागणार नाही.

याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सरसकट शालेय तपासणीचा लाभ सिद्ध करण्यास पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१८ मध्ये म्हटले. विनाकारण भीती पसरणे व अनावश्यक क्ष-किरण चित्रे काढली जाणे, हे तोटे त्यांच्या डोळ्यांपुढे आहेत. म्हणून मी स्वतंत्र मोहीम सुचवीत नाही. चालू तपासणीतच ही एक पायरी जोडावी, संशय आला तर मुलीला शांतपणे अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे, आणि ती तेथे पोहोचली की नाही याची नोंद शाळेने ठेवावी, इतकेच माझे म्हणणे आहे. यांपैकी तिसरी गोष्ट बहुधा राहून जाते. चिठ्ठी दप्तरात राहते आणि वर्ष निघून जाते. पंधराव्या वर्षी जो पट्टा निरुपयोगी ठरतो, तोच बाराव्या वर्षी उपयोगी पडला असता.

मुलींची तपासणी बंद खोलीत, पालकांना आधी कळवून, स्त्री कर्मचाऱ्यांनीच करावी. वर्गासमोर कोणालाही वाकवू नये. कोकणच्या दमट उन्हाळ्यात अंगाला घट्ट पट्टा बांधून बसणे किती कठीण आहे, याची शिक्षकांनी जाणीव ठेवावी. सैल गणवेशाची मुभा, पंख्याखालची जागा, खेळाच्या तासाला पट्टा काढण्यासाठी आडोसा, या गोष्टींना खर्च नाही. पण त्यांवाचून मुलगी पट्टा घरी ठेवू लागते. वर्गात कोणी तिला व्यंगावरून हाक मारली तर ती हाक तेथल्या तेथे थांबविणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे. पंचायत सदस्यांनी ज्या कुटुंबाला मुंबईच्या फेऱ्या परवडत नाहीत त्यांच्यासाठी प्रवासखर्चाची व शासकीय आरोग्य योजनांची चौकशी करून द्यावी.

बंधुभगिनींनो, एखाद्या मुलीच्या नशिबी शस्त्रक्रिया आलीच, तर संगणकाच्या साहाय्याने तिच्या प्रश्नाचे पूर्वीपेक्षा अधिक चांगले उत्तर देता येईल असे दिवस जवळ येत आहेत. तोपर्यंत तिचा प्रश्न ऐकून घेणे, खोटे आश्वासन न देणे आणि तिची पाठ वेळीच पाहणे, ही कामे आपली आहेत. त्यांची सुरुवात येत्या शालेय तपासणीपासून व्हावी, अशी माझी विनंती आहे.